घासलेली देवी

त्या ग्रंथालयाला चार जिने होते आणि चारही जिने एकटी बाई पुसायची, म्हणून तिचं नाव पडलं जिनेवाली. तोंडावर काकू, पाठीमागे जिनेवाली. तिला दोन्ही चालायचं. सकाळी दार उघडायच्या आत वरच्या मजल्यापासून सुरुवात करून ती पायरी पायरी खाली यायची आणि शेवटच्या पायरीवर फडक्याला पिळा मारेपर्यंत पहिल्या वाचकाची चिखलाची पावलं वर गेलेली असायची. मग दुपारी पुन्हा तेच.

तिचा नवरा त्याच इमारतीच्या तळघरात पुस्तकं बांधायचा. एके दिवशी सरस लावता लावता त्याची मान पुढे कलली. शेजारच्याला वाटलं, डुलकी लागली. हाक मारून मारून थकला तेव्हा कळलं. मुलगी छकू तेव्हा तिसरीत होती. आठव्या दिवशी ग्रंथालयाचे व्यवस्थापक स्वतः घरी आले. उंच, किंचित वाकलेला, हळू बोलणारा माणूस. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. म्हणाले, सोमवारपासून कामावर या, बाकीचं मी बघतो. आणि बाकीचं त्यांनी खरंच बघितलं. घरी एकच खोली आणि शेजारी दिवसभर भांडणं, म्हणून छकूला वाचनालयात खिडकीशेजारची जागा त्यांनी ठरवून दिली. बारावीनंतर कॉलेजात प्रवेश अडला तेव्हा प्राचार्यांना चिठ्ठी लिहिली. छकूच्या तोंडी साहेबांचं नाव निघालं की तिचा आवाजच बदलायचा. जिनेवालीचाही बदलायचा. तेरा वर्षांत त्या माणसाने तिला एकदाही अगंतुगं केलं नव्हतं.

मुख्य जिना जिथे वळतो त्या चौकात काळ्या दगडाच्या खांबावर एक देवी होती. फक्त छातीपर्यंतची, ब्राँझची, फार जुनी. परदेशी पुराणातली विद्येची देवी, पण ती लढाईचीही देवी असल्यामुळे डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर तुरा, छातीवर माशाच्या खवल्यांसारखं चिलखत आणि चिलखताच्या मधोमध केसांच्या जागी साप असलेला एक वेडावाकडा चेहरा. नाक सरळ, ओठ मिटलेले, डोळ्यांत बुबुळंच नाहीत. अंगाचा रंग काळसर तपकिरी आणि घड्यांमध्ये शेवाळी. नोकरमाणसं तिला टोपीवाली म्हणत. ‘टोपीवालीपाशी थांब, आलोच,’ असं एकमेकांना सांगत. येणारेजाणारे वळताना तिच्या डाव्या खांद्यावर हात टेकायचे, त्यामुळे तेवढा खांदा मात्र झिजून पिवळाधमक झाला होता.

टोपीवालीच्या बाबतीत जिनेवालीला एकच नियम माहीत होता. जुने ग्रंथपाल निवृत्त होताना सांगून गेले होते, हिला कोरडा फडका, बाकी काही नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ग्रंथालयाला शंभर वर्षं पूर्ण झाली त्या वर्षीची ही गोष्ट. समारंभाआधी चार दिवस वाचकांना सुट्टी होती. भिंती रंगवल्या, दिव्यांच्या काचा उतरवून धुतल्या. व्यवस्थापकांची त्या दिवसांत झोप उडाली होती. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, इथे रोज वरून नवीन सूचना. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ते जिन्याच्या चौकात थांबले आणि देवीच्या पिवळ्या खांद्यावर बोट फिरवत म्हणाले, “काकू, ही खालून सोन्यासारखी आहे बघा. वर नुसती काजळी चढलीय. पाहुणे याच जिन्याने येणार.”

तिने सांगितलं की फडक्याने हे निघत नाही, आणि जुने साहेब तर कोरड्या फडक्याशिवाय काही लावू नका म्हणाले होते. त्यावर व्यवस्थापक थोडे चिडल्यासारखे झाले. जुने साहेब सांगून मोकळे झाले, समारंभ मला करायचाय, असं काहीतरी पुटपुटले. मग स्वतः तळघरात गेले, कुलपातल्या कपाटातून एक निळा डबा घेऊन आले. पाणी तापवायच्या यंत्रातले नळ आतून खरवडायला जे आम्ल वापरत ते होतं. पाण्यात थोडं थोडं घाला, डोळे सांभाळा, एवढं सांगून ते माणसं खुर्च्या उतरवत होती तिकडे गेले.

दोन दिवस ती देवीला घासत होती. पहिला हात फिरवला तेव्हा फेस आला, वास नाकात घुसला आणि काळंहिरवं पाणी खांबावरून खाली ओघळलं. त्याखाली आधी गुलाबी अंग दिसलं. भांडी घासायची पूड लावून घासल्यावर ते पिवळं झालं. मग तिला चेवच आला. कुंचल्याने गाल, कपाळ, मान. खवल्यांसाठी छकूचा जुना दातांचा ब्रश. सापांच्या वेटोळ्यांत ब्रश जाईना, तेव्हा काडीला चिंधी गुंडाळून एकेक साप तिने वेगळा साफ केला. खिडक्या बंद होत्या, खोकला यायचा, पण थांबावंसं वाटेना. जिने पुसून तिचा जन्म गेला होता आणि पुसलेली पायरी कधी तासभरही तशी राहिली नव्हती. हे काम मात्र राहणार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिरस्त्राणाच्या कडेखाली, कानामागे, मळ निघाल्यावर तिला अंगठ्याचा ठसा दिसला. रेषान् रेषा स्पष्ट. तिने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. ठसा तिच्यापेक्षा मोठा होता.

तोवर रबरी मोजे बोटांपाशी विरले होते. तिला कळलं तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडली होती. संध्याकाळी व्यवस्थापक आले, देवीसमोर उभे राहिले आणि खूप वेळाने हसले. “काकू, ओळखू येत नाही हो,” म्हणाले. तिच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, आणि तिने ते पदराखाली घेतले होते.

समारंभाच्या दिवशी जिनेवाली वरच्या कठड्याशी उभी होती. प्रमुख पाहुणे म्हणजे शिल्पकलेचे एक म्हातारे प्राध्यापक. हात धरून त्यांना जिन्याने आणत होते. चौकात आल्यावर ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बरोबरचा माणूस कौतुकाने काहीतरी सांगायला गेला तर त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि विचारलं, “हे कोणी केलं?” आवाज चढला नव्हता, तरी खालच्या दालनापर्यंत सगळे चिडीचूप झाले. जिनेवालीला पुढे व्हावंसं वाटलं. तिची समजूत झाली होती की शाबासकी आहे.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन फोटो आले, शेजारी शेजारी. डावीकडे जुनी काळसर देवी, उजवीकडे नवी, नळाच्या तोटीसारखी चकाकणारी. मथळा होता, ‘विद्येच्या देवीला अभ्यंगस्नान’. खाली लिहिलं होतं की दोनशे वर्षांचा पुतळा एका अडाणी सफाईवालीने दोन दिवसांत मातीमोल केला. नाव दिलं नव्हतं, पण गावाला कुठे नाव लागत होतं. वाण्याच्या दुकानात एकाने विचारलं, काकू, आमची पितळी घागर घासून द्याल का. बाकीचे फिसकन हसले. ती तेल घेऊन घरी आली.

त्याच दिवशी व्यवस्थापक आले. या खेपेला खुर्चीवर बसले. पाणी मागितलं, पेला हातात धरून राहिले, प्यायले नाहीत. छकू घरी नव्हती. तीन जणांची चौकशी बसणार आहे, हे त्यांनी सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, घर ग्रंथालयाचं आहे, बायकोला उचलून कुठे नेऊ, हेही सांगितलं. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, “काकू, मी तुम्हाला सांगत नाहीये. मी विचारतोय.”

तिला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तिला लाज वाटली, जणू आपणच त्यांना या अवस्थेत आणलं. छकूचं शेवटचं वर्ष होतं. खिडकीशेजारची जागा त्यांनीच दिली होती. नवऱ्याच्या आठव्या दिवशी कोण आलं होतं? नातलगांपैकी तर कोणी नाही. आणि आपण खरं सांगितलं तरी तीन शिकलेली माणसं ऐकणार कुणाचं, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

“विचारताय तर ठीक आहे,” ती म्हणाली.

“छकूलासुद्धा...”

“नाही सांगणार.”

चौकशीत मेजापलीकडे तीन जण होते. तिला बसायला सांगितलं नाही. कोणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही, मलाच वाटलं पाहुणे येणार तर देवी चकचकीत दिसावी. एकाने विचारलं, आम्ल कुठलं? ती म्हणाली, मीच आणलं. दुसरा कागदावर लिहिता लिहिता हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. व्यवस्थापक खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. तिला कामावरून काढलं.

छकूला कॉलेजात काय काय ऐकावं लागलं ते तिने कधी सांगितलं नाही. पण ती वाचनालयात जायची बंद झाली आणि एका संध्याकाळी जेवता जेवता ताटावरून हात काढून म्हणाली, “आई, एकदा कोणाला विचारायचं तरी होतंस गं. साहेबांना विचारायचं. ते काय नाही म्हणाले असते?”

आईने पोळीचा तुकडा मोडला आणि नुसतंच “चुकलं” म्हटलं.

महिन्याभराने तिला ग्रंथालयातून बोलावणं आलं. देवीची दुरुस्ती करायला बाहेरून कोणी बाई आल्या होत्या आणि त्यांना पुतळा घासणारीशीच बोलायचं होतं. जुने पुतळे सावरणं हाच त्यांचा व्यवसाय. पन्नाशीची, किडकिडीत, दोरीला चष्मा बांधलेली बाई. देवी तळघरात नेली होती, जिनेवालीच्या नवऱ्याच्या बांधणीखात्याला लागून असलेल्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर. दुरुस्तीवाल्या बाईंनी तिला स्टूल दिलं. कुठून सुरुवात केलीत, पाणी किती, आम्ल किती, पूड कोणती, सगळं नीट विचारून लिहून घेतलं. त्या दोन दिवसांबद्दल इतकं बारकाईने कोणी विचारायची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे जिनेवालीने काडीला चिंधी कशी गुंडाळली तेही करून दाखवलं.

“तुम्ही एकसुद्धा कोपरा सोडला नाहीत हो,” त्या म्हणाल्या. त्यात कौतुकही होतं आणि हळहळही. “तीच पंचाईत झालीय. कुठे थोडा जुना रंग राहिला असता तर मला त्यावरून जुळवता आला असता.”

मग त्यांनी समजावलं. ती काजळी नव्हती. ती या देवीची कातडी होती. घडवणाऱ्याने भट्टीतून काढल्यावर आच देऊन रंग चढवला, त्यावर हवेने, हातांनी, काळाने थर दिले, आणि दोनशे वर्षांनी ती तशी झाली. आता वरून रंग देता येईल, कातडी नाही. जिनेवाली ऐकत राहिली. इतके दिवस लोक हसत होते म्हणून तिला दुःख होतं. आपण खरंच कुणाचं तरी काहीतरी सोलून काढलं, हे तिला तिथे, त्या स्टुलावर कळलं. तिने अंगठ्याच्या ठशाबद्दल विचारलं. बाईंनी भिंग लावून पाहिलं. म्हणाल्या, हे आधी मेणात घडवतात, मेणावर घडवणाऱ्याचा अंगठा टेकला असेल, तो धातूत तसाच उतरला. “दोनशे वर्षांत तो पाहणाऱ्या तुम्ही पहिल्या असाल.”

जाता जाता बाईंनी सहज विचारलं, “ताई, हे आम्ल दुकानात सुटं मिळत नाही. कुलपात ठेवतात. तुम्हाला कोणी दिलं?”

“मीच आणलं.”

“कुठून?”

जिनेवाली चादरीची कड सारखी करू लागली. बाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं. तीन बोटांची कातडी आता लालसर, ताणलेली होती आणि शेवटची पेरं वळत नव्हती. त्यांनी वही मिटली.

पुढची वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. वाफेत चादरी पिळायच्या, उजव्या हाताने जमेना म्हणून डाव्याने. खोकला तेव्हापासून जो लागला तो पाठ सोडीना. छकू पास झाली, दूरच्या एका शहरात शाळेत शिक्षिका म्हणून लागली. व्यवस्थापक मानाने निवृत्त झाले, हार घालतानाचा फोटो त्याच वर्तमानपत्रात आला. वर्षभरात ते गेले. जिनेवाली त्यांच्या दारात जाऊन आली. गर्दीत मागे उभी राहिली. कुणीतरी तिला विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, कामाला होते.

छकूच्या शहरात ती पहिल्यांदा गेली तेव्हा छकूला नोकरी लागून पाच वर्षं झाली होती. दोन खोल्या, गॅलरीत कुंड्या, एका भिंतीला छतापर्यंत पुस्तकं. आईने डोळे भरून पाहिलं. रविवारी छकूच्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी चहाला आल्या. छकूने ओळख करून दिली, ही माझी आई. त्यांनी नमस्कार केला, हात कशाने भाजला ते विचारलं. छकूच पटकन म्हणाली, धुलाईखान्यात, वाफेने.

गप्पा कुठून कुठे गेल्या आणि एकीने, चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी, विचारलं, अगं, तुझ्याच गावचं ना ते ग्रंथालय? आमच्या प्रशिक्षणात त्या पुतळ्याचा फोटो दाखवला होता. कामवालीने भांडं घासावं तसा घासला म्हणे. बाकीच्या दोघींनी ते ऐकलं नव्हतं, म्हणून चित्रकलेच्या बाईंनी सगळं रंगवून सांगितलं. दोघी हसून हसून लोळायच्या बेतात. एकीने विचारलं, तुला माहीत होतं का गं हे?

छकू बशीत बिस्किटं मांडत होती. “ऐकलं होतं,” ती म्हणाली. आणि थोडं हसली.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिने कप खाली ठेवला. चित्रकलेच्या बाई अजून ‘पितळेचा पुतळा, पितळेचा पुतळा’ म्हणत होत्या, त्यांना ती हळूच म्हणाली, “पितळेचा नव्हता तो. ब्राँझचा होता. आधी मेणाचा करतात, मग ओततात.”

“अय्या, तुम्ही पाहिला होता?”

“रोज बघायचे,” ती म्हणाली. छकूच्या हातातली बशी तशीच राहिली. मग विषय परीक्षांवर गेला.

दुसऱ्या दिवशी बस दुपारची होती. स्थानकावरच्या बाकावर दोघी बसल्या. छकूने आदल्या संध्याकाळपासून आईकडे नीट पाहिलं नव्हतं. आता ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “मी काय सांगणार होते त्यांना, आई? सांग तू.”

आई म्हणाली, काही सांगायचं नव्हतंस, बरोबर केलंस. मग पिशवीचे बंद उगाच सारखे करत बसली. साहेब जाऊन आता चार वर्षं झाली होती. त्यांची बायकोही गेली होती. ज्यांच्यासाठी शब्द दिला त्यांच्यापैकी कोणी उरलं नव्हतं आणि तिलाही आता फार वर्षं आहेत असं वाटत नव्हतं. ती म्हणाली, “छकू, मी आपल्या मनाने नव्हतं केलं ते. साहेबांनी सांगितलं होतं. डबाही त्यांनीच आणून दिला.”

छकूने मान वळवली. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग हळूहळू कपाळावर आठी आली.

“आई, ते गेले गं,” ती म्हणाली. “आता तरी त्यांच्यावर नको ढकलूस. त्यांनी आपल्यासाठी काय नाही केलं? मी आज जी कोण आहे ती त्यांच्या एका चिठ्ठीमुळे.”

“हो,” आई म्हणाली.

“तुझी चूक झाली. होते माणसाची. मी कधी बोलले का तुला त्यावरून?”

“नाही बोललीस.”

“मग कशाला हे?”

आईला सांगता आलं असतं. कुलपाचं कपाट, निळा डबा, पाण्याचा पेला हातात धरून बसलेला माणूस, सगळं तिला कालच्यासारखं आठवत होतं. पण छकूच्या चेहऱ्यावर भीती होती, लहानपणी शाळेतून घरी येताना कुत्रं आडवं आलं की असायची तशी, आणि आईला दिसलं की तिच्या हातातून साहेब काढून घेतले तर तिच्याकडे फारसं काही उरत नाही. वडील धड आठवत नाहीत. आई ही अशी. ती म्हणाली, “वय झालं बाळा. घोळ होतो डोक्यात.”

छकूने मोठा श्वास सोडला आणि आईचा हात हातात घेतला, तोच, भाजलेल्या तीन बोटांचा. बस आली. छकूने पिशवी वर ठेवली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, पोचलीस की फोन कर म्हणाली.

घरी पोचल्यावर आईने फोन केला. “पोचले,” म्हणाली. पलीकडून छकू “बरं” म्हणाली. मग दोघींनी बराच वेळ फोन ठेवला नाही. त्यानंतर आई दोन वर्षं जगली. छकू दर रविवारी फोन करायची, औषधांचं विचारायची, सुट्टीत येऊनही राहायची. त्या विषयावर त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.